निळी रेघ म्हणजे रस्ता मोकळा, असे नाही! नेव्हिगेशन अ‍ॅप कसे चालते, कुठे फसते?

बेळगावहून गोव्याला जायचे म्हणजे पूर्वी आधी फोनाफोनी व्हायची. चोर्ल्यातून जावे, अनमोड बरा की आंबोलीमार्गे खाली उतरावे, हे काल-परवा त्या वाटेने आलेल्या कुणाला तरी विचारून ठरायचे. आता मोबाईल डॅशबोर्डवर अडकवून ‘पणजी’ म्हटले की स्क्रीनवर निळी रेघ उमटते, किती वाजता पोहोचणार तेही कळते. निपाणी असो की सावंतवाडी, इंदूर असो की हैदराबाद, वाहनधारकांची ही सवय आता सगळीकडे सारखीच झाली आहे.

सवय वाईट नाही. पण ही निळी रेघ नेमकी कशावरून काढली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. अ‍ॅपला रस्ता दिसत नाही. त्याला दिसतात ते रस्त्यावरून जाणारे फोन आणि चालकांनी स्वतःहून दिलेल्या नोंदी. जिथे फोन भरपूर, तिथे अ‍ॅप हुशार. जिथे फोन तुरळक आणि रेंज नाही, तिथे ते जुन्या माहितीवर अंदाज बांधते. शहरात हा अंदाज चुकला तर दहा-पंधरा मिनिटे वाया जातात. घाटात किंवा जंगलात चुकला तर जिवावर बेतू शकते.

रहदारीचे रंग येतात कुठून?

आधी एक फरक समजून घ्यायला हवा. फोन कुठे आहे, हे जीपीएस सांगते. त्यासाठी फोन उपग्रहांचे सिग्नल पकडतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. रहदारीची माहिती मात्र इंटरनेटवरूनच येते. म्हणूनच घाटात रेंज गेल्यावरही नकाशावरचा बाण पुढे सरकत राहतो आणि चालकाला वाटते, अ‍ॅप चालू आहे. प्रत्यक्षात त्या क्षणापासून पुढच्या रस्त्याची ताजी खबर बंद झालेली असते.

गूगल मॅप्स फेब्रुवारी २००५ मध्ये सुरू झाले. लोकांच्या फोनवरून रहदारीचा अंदाज कसा काढला जातो, हे कंपनीने २००९ मध्ये जाहीरपणे सांगितले. पद्धत साधी आहे. लोकेशन चालू ठेवून नकाशा वापरणाऱ्यांचे फोन आपली जागा आणि वेग नाव न लावता कळवत राहतात. एकाच रस्त्यावरच्या अशा अनेक फोनांचा वेग एकत्र केला जातो आणि त्या रस्त्यावरच्या नेहमीच्या वेगाशी ताडून पाहिला जातो. वेग नेहमीसारखा असेल तर हिरवा रंग, मंदावला तर केशरी, अडकला तर लाल आणि जवळजवळ थांबला असेल तर गडद लाल.

नेव्हिगेशन सुरू केल्यावर मार्गाची रेघ निळी होते आणि जिथे कोंडी कळली आहे, तेवढाच तुकडा केशरी किंवा लाल दिसतो. गोंधळ इथेच होतो. ‘निळा’ म्हणजे ‘तपासला, मोकळा आहे’ असे चालक समजतो. खरा अर्थ एवढाच, की ‘कोंडी असल्याचे कळलेले नाही’. ज्या रस्त्यावरून गेल्या तासाभरात एकही फोन गेला नाही, तो रस्ताही निळाच दिसू शकतो.

पोहोचण्याची वेळ काढताना अ‍ॅप दोन गोष्टी जोडते. एक, आत्ताचा वेग. दुसरी, त्या रस्त्याची जुनी सवय, म्हणजे सोमवारी सकाळी नऊला किंवा रविवारी संध्याकाळी सहाला तिथे साधारण काय परिस्थिती असते. २०२० मध्ये गूगलने या कामासाठी डीपमाइंड या आपल्याच समूहातील कंपनीचे तंत्र वापरत असल्याचे सांगितले. रस्त्याचे लागून असलेले तुकडे एकत्र धरून पुढे कोंडी कुठे वाढेल, हे त्यात आधीच ताडले जाते. रोजच्या, ठराविक रहदारीत हा अंदाज बराच नेमका येतो. अचानक कोसळलेल्या दरडीचा अंदाज मात्र कुठल्याही जुन्या सवयीवरून बांधता येत नाही.

फोन मोजून रहदारी ठरवण्याची मर्यादा २०२० मध्ये एका जर्मन कलाकाराने गमतीने दाखवून दिली. सिमॉन वेकर्ट यांनी हातगाडीत ९९ फोन घातले आणि ती गाडी बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यांवरून हळूहळू ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला. त्यावर गूगलने दिलेले उत्तरही गमतीचे होते. भारतासह काही देशांत मोटार आणि मोटारसायकल यांच्यातला फरक आम्हाला ओळखता येतो, हातगाडीचे मात्र अजून जमलेले नाही, असे कंपनीने म्हटले होते.

चालकांच्या नोंदी: लोकांनी लोकांसाठी

फोन हळू चालला आहे एवढे यंत्राला कळते. का, ते कळत नाही. पुढे अपघात झाला, ट्रक बंद पडला, की गुरे रस्त्यावर बसली, हे सांगायला माणूसच लागतो. त्यासाठीच नोंदींची सोय आली.

ही कल्पना लोकप्रिय केली ती इस्रायलमधल्या वेझ या अ‍ॅपने. एहूद शब्ताई यांनी २००६ मध्ये लोकांनीच मिळून नकाशा तयार करावा असा एक मोफत प्रकल्प सुरू केला. त्यातून २००८ मध्ये कंपनी उभी राहिली आणि जून २०१३ मध्ये गूगलने ती सुमारे एक अब्ज डॉलरला विकत घेतली. अपघात, खड्डा, पोलीस, बंद रस्ता अशा नोंदी चालकच टाकतात आणि मागून येणारे त्या खऱ्या की खोट्या ते सांगतात, ही वेझची पद्धत.

हीच सोय नंतर गूगल मॅप्समध्येही आली. जुलै २०२४ मध्ये कंपनीने भारतासाठी काही बदल जाहीर केले. त्यात नोंद टाकणे सोपे करण्यात आले आणि आधीच्या चालकाने टाकलेली नोंद पुढच्याने एका स्पर्शात पक्की करायची सोय दिली गेली. मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचे मॅपल्स अ‍ॅपही आहे. १९९५ पासून नकाशांच्या क्षेत्रात असलेल्या या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये खड्डे, गतिरोधक, धोक्याची वळणे यांच्या सूचना आणि नोंदी असतात.

नोंद कायमची नसते. काही काळ कुणीच दुजोरा दिला नाही, किंवा ‘आता तिथे काही नाही’ असे दोघा-चौघांनी सांगितले, की ती नकाशावरून जाते. बेंगळूर किंवा हैदराबादेत हे मिनिटांत घडते, कारण मागून शेकडो गाड्या येत असतात. जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर पावसाळ्यात रात्री एखादे झाड पडले, तर नोंद टाकणाराही एखादाच आणि दुजोरा देणाराही एखादाच. म्हणून सीमाभागातल्या रस्त्यांवर एका प्रामाणिक नोंदीचे मोल मोठ्या शहरातल्या शंभर नोंदींपेक्षा जास्त आहे.

अ‍ॅप कुठे फसते?

आडवाट आणि जंगल. डिसेंबर २०२४ मध्ये बिहारहून गोव्याकडे निघालेले एक कुटुंब खानापूर तालुक्यात शिरोली-हेम्माडगा भागातल्या जंगलात अडकले. अ‍ॅपने दाखवलेल्या जवळच्या वाटेने गाडी भीमगड अभयारण्याच्या परिसरात आत गेली. मोबाईलला रेंज नव्हती. लहान मुलांसह सगळ्यांनी रात्र गाडीतच काढली. सुमारे चार किलोमीटर चालत गेल्यावर रेंज मिळाली, तेव्हा ११२ क्रमांकावर फोन लागला आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढले. नकाशावर ती वाट होती हे खरे. पण ती रात्री परक्या माणसाने मोटार घालावी अशी वाट नाही, हे खानापुरात कुणालाही विचारले असते तरी कळले असते.

पाण्याखालचा रस्ता. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात रात्रीच्या वेळी एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. नकाशावर तो पूल सरळ रस्ता म्हणूनच दिसत होता. पाणी कधी चढते आणि कधी उतरते, हे गावाला माहीत होते, अ‍ॅपला नव्हते.

तुटलेला पूल. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बदायूंहून बरेलीच्या दिशेने जाणारी मोटार रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून खाली कोसळली आणि तिघांचा मृत्यू झाला. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. नकाशावर मात्र पूल अखंड होता आणि रस्त्यावर पुरेसा अडथळा उभा केलेला नव्हता. अशा ठिकाणी चूक एकट्या अ‍ॅपची नसते. रस्ता बंद केल्यावर तो खरोखर अडवणे आणि तसे कळवणे ही रस्ता सांभाळणाऱ्या खात्याची जबाबदारी आहे. पण स्टेअरिंग चालकाच्याच हातात असते.

महापूर आणि पर्यायी रस्ते. ऑगस्ट २०१९ आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी आल्याने कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुणे-बेंगळूर राष्ट्रीय महामार्ग बंद पडला होता. अशा वेळी महामार्ग बंद असल्याचे अ‍ॅपवर लवकर येते, कारण हजारो फोन एका जागी थांबलेले असतात आणि पोलिसांचीही घोषणा होते. खरा धोका त्यानंतरचा. अ‍ॅप लगेच आतल्या गावांमधून पर्यायी रस्ता शोधते. हे रस्ते बहुधा महामार्गापेक्षा सखल असतात, त्यांवरचे पूल ठेंगणे असतात आणि तिथे गाड्या कमी असल्याने नोंदीही नसतात. महामार्ग पाण्याखाली असताना नकाशावर मोकळी दिसणारी आतली वाट मोकळी असण्याची शक्यता कमीच.

मिरवणुका आणि उत्सव. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेश विसर्जन, गोव्यातला शिगमोत्सव, इंदूरची रंगपंचमीची गेर या दिवशी शहरातले ठराविक रस्ते वाहनांना बंद असतात. रहदारी पोलिसांचे पत्रक आदल्या दिवशीच निघते. अ‍ॅपला मात्र बऱ्याचदा गर्दी जमल्यावरच कळते. अशा दिवशी पोर्टलवरची किंवा वर्तमानपत्रातली बदललेल्या मार्गांची बातमी नकाशापेक्षा भरवशाची.

सर्व्हिस रोड आणि वरचा पूल. जीपीएसची अचूकता काही मीटरच्या आत-बाहेर असते. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता, किंवा महामार्ग आणि शेजारचा सर्व्हिस रोड यांत अ‍ॅपची गल्लत होऊ शकते. कागल-सातारा टप्प्यात सहापदरीकरणाच्या कामामुळे तर वळणे वारंवार बदलत आली आहेत. काम चालू असलेल्या ठिकाणी रस्त्यावरची पाटी आणि झेंडा दाखवणारा कामगार सांगेल तेच खरे.

निघण्यापूर्वी सेटिंग तपासा

अ‍ॅपने विचित्र रस्ता दाखवला, अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा सेटिंगमध्येच असते.

वाहनाचा प्रकार: गूगल मॅप्समध्ये दुचाकीसाठी वेगळी सोय डिसेंबर २०१७ मध्ये भारतात पहिल्यांदा आली. रोज दुचाकीवर अ‍ॅप वापरणारा माणूस रविवारी मोटार काढतो आणि प्रकार बदलायला विसरतो. मग मोटार अशा बोळात जाऊन अडकते, जिथून मागेही घेता येत नाही. अरुंद रस्ते ओळखून मोटारींना ते टाळायला लावण्याची सोय २०२४ मध्ये आठ शहरांसाठी जाहीर झाली. त्यात हैदराबाद, बेंगळूर, इंदूर आणि भोपाळ होते. बेळगावच्या वाहनधारकांनी शहापूर किंवा जुन्या गल्ल्यांत त्या भरवशावर राहू नये.

टोल टाळा: हा पर्याय एकदा चालू केला की तो तसाच राहतो. मग पुढच्या प्रवासात अ‍ॅप चांगला महामार्ग सोडून गावागावांतून फिरवते. टोलचे पैसे वाचतात, पण रात्री अनोळखी गावरस्ता नशिबी येतो.

इंधन वाचवणारा किंवा जवळचा मार्ग: पाच मिनिटे वाचतात म्हणून अ‍ॅप आडवाट सुचवते. घाटात आणि रात्री राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्गच धरावा, चार किलोमीटर जास्त पडले तरी चालतील.

ऑफलाइन नकाशा: घरी वायफायवर संपूर्ण मार्गाचा नकाशा उतरवून घ्यावा. रेंज गेल्यावर वाट चुकली तरी नकाशा नवा मार्ग काढून देऊ शकतो. मात्र ऑफलाइन नकाशावर रहदारी, अपघात किंवा बंद रस्ता यांची माहिती नसते, हे ध्यानात ठेवावे.

एकाच नावाची दोन गावे, एकाच गावाची दोन नावे

सीमाभागात ही अडचण नेहमीची. वर शिरोली दोनदा आले. एक कोल्हापूरला महामार्गावर, दुसरे खानापूरच्या जंगलपट्ट्यात. नुसते ‘शिरोली’ टाकले तर अ‍ॅप त्याला जवळचे किंवा जास्त प्रसिद्ध वाटेल ते उचलते. म्हणून गावासोबत तालुका आणि जिल्हा टाकावा आणि ‘सुरू करा’ दाबण्याआधी एकूण किलोमीटर बघावेत. बेळगावहून तासाभरात पोहोचायचे गाव नकाशावर शंभर किलोमीटरच्या पुढे दिसत असेल, तर काहीतरी चुकले आहे.

१ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकात बारा शहरांची इंग्रजी नावे अधिकृतपणे बदलली. घरात आणि बाजारात बेळगाव म्हटले जाते, नकाशावर आणि पाटीवर बेळगावी दिसते. मोठ्या शहरांच्या बाबतीत अ‍ॅप दोन्ही नावे ओळखते. लहान गावे, गल्ल्या आणि वाड्या यांच्या बाबतीत तसे होईलच असे नाही. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने मराठी, कन्नडसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावे आपोआप लिप्यंतर करून दाखवण्याची सोय जाहीर केली. त्यामुळे मराठीत टाइप करून शोधणे सोपे झाले. पण यंत्राने केलेले लिप्यंतर आणि गावातला उच्चार यांत फरक पडतो. नाव सापडत नसेल तर त्या गावातली शाळा, देऊळ किंवा पेट्रोल पंप शोधावा. पाहुण्यांना बोलावताना पत्ता सांगण्याऐवजी घराचे लोकेशन पाठवावे. लग्नपत्रिकेवर कार्यालयाचा क्यूआर कोड छापायचा असेल, तर तो आधी परक्या माणसाच्या फोनवर उघडून बघावा.

घाटात जाण्यापूर्वी

बेळगाव, चंदगड आणि खानापूर भागातून कोकण-गोव्यात उतरणारे घाट म्हणजे आंबोली, तिलारी, चोर्ला आणि अनमोड. कोल्हापूरकडून फोंडा, करूळ आणि भुईबावडा. पावसाळ्यात यांपैकी एखाद्या घाटात दरड किंवा खचलेल्या रस्त्याची बातमी नाही, असे वर्ष विरळाच. अवजड वाहनांना बंदीचे आदेशही निघतात आणि हे आदेश नकाशावर येतीलच याची हमी नाही. मोटारीसाठी बनवलेले नेव्हिगेशन ट्रकची उंची आणि वजन जमेस धरत नाही. त्यामुळे मालवाहू वाहनाच्या चालकाने नुसत्या अ‍ॅपवर घाट निवडू नये.

पुढील गोष्टी पाळल्या तर बराच त्रास वाचतो:

- घाट सुरू होण्याआधीच्या शेवटच्या मोठ्या गावात थांबून रस्त्याची चौकशी करावी. चहाचे हॉटेल, पेट्रोल पंप आणि बसचालक यांच्याकडे त्याच दिवसाची खबर असते.
- समोरून वाहने येत आहेत का, यावर लक्ष ठेवावे. नेहमी गजबजलेल्या घाटात बराच वेळ समोरून काहीच आले नाही, तर पुढे रस्ता बंद असण्याची शक्यता धरावी.
- डांबर संपून कच्चा रस्ता लागला आणि तो अपेक्षित नव्हता, तर तिथेच थांबावे. अजून थोडे पुढे जाऊन बघू, या मोहात माणूस रेंजच्या बाहेर जातो.
- पाणी वाहत असलेल्या पुलावर, मोरीवर किंवा फरशीवर गाडी घालू नये, अ‍ॅप सरळ जा म्हणत असले तरी.
- वनखात्याचे फाटक बंद असेल तर बाजूची वाट शोधू नये.
- निघताना घरच्या कुणाला तरी प्रवासाचे चालू लोकेशन पाठवावे. रेंज गेली तरी शेवटची जागा त्यांच्याकडे राहते.

नोंद कशी टाकावी, कशी टाकू नये

नोंद टाकायचे काम शेजारी बसलेल्याचे. चालक एकटा असेल तर त्याने गाडी बाजूला सुरक्षित थांबवूनच फोनला हात लावावा. वेझमध्ये तर गाडी चालू असताना टाइप करू लागल्यास अ‍ॅप अडवते आणि आपण प्रवासी आहोत असे सांगावे लागते. अपघाताची नोंद टाकताना आणखी एक अपघात होऊ नये, एवढाच याचा अर्थ.

‘अजून तिथे आहे का?’ असा प्रश्न स्क्रीनवर आला तर उत्तर जरूर द्यावे, पण पाहून द्यावे. दरड हटवली तरी नोंद तशीच राहिली, तर मागचे लोक उगाच पन्नास किलोमीटरचा वळसा घेतात. उलट, दरड असताना कुणी ‘नाही’ दाबले, तर नोंद जाते आणि पुढचा बेसावध सापडतो.

नोंद नेहमी त्या क्षणी फोन जिथे आहे, त्या जागेवर पडते. घाटात रेंज नसते म्हणून अनेक जण खाली साखळीला किंवा वर जांबोटीला पोहोचल्यावर नोंद टाकतात. मग दरड घाटात आणि खूण गावात, असा घोळ होतो. अशा वेळी नकाशा दुरुस्त करण्याच्या पर्यायात जाऊन रस्त्याचा नेमका तुकडा निवडावा आणि तो बंद असल्याचे कळवावे. ती दुरुस्ती तपासून घेतली जाते, म्हणून वेळ लागतो. तोवर पोलिसांना फोन करणे जास्त उपयोगाचे. आपल्या गल्लीतून रहदारी जाऊ नये म्हणून खोटी कोंडी दाखवण्याचे प्रकारही जगात झाले आहेत. असल्या नोंदीमुळे रुग्णवाहिकाही चुकीच्या रस्त्याला लागू शकते.

कोंडी चुकवायला म्हणून अ‍ॅप जो आतला रस्ता दाखवते, तिथे कुणाचे तरी घर आणि शाळा असते, हेही विसरून चालणार नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात लिओनिया नावाच्या छोट्या गावाने जानेवारी २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी सुमारे ६० रस्ते बाहेरच्या वाहनांना बंद केले, कारण अ‍ॅपमुळे सगळी रहदारी त्यांच्या दारातून जाऊ लागली होती. महामार्गावर कोंडी झाली की आतल्या गावांतून सुसाट जाणाऱ्या गाड्या इकडेही नव्या नाहीत. वळसा घ्यावा, पण वेग गावाचा ठेवावा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातात धरून मोबाईल वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणे ठरते. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जागेवर भरायची रक्कम राज्याराज्यांत वेगळी आहे. म्हणजे कर्नाटकातून महाराष्ट्रात आणि तिथून गोव्यात जाताना एकाच चुकीचा दंड बदलू शकतो.

१ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांत स्पष्ट करण्यात आले, की असे उपकरण वाहन चालवताना केवळ मार्ग पाहण्यासाठी वापरता येईल आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. याचा व्यवहारातला अर्थ असा: फोन स्टँडवर बसवावा, ठिकाण निघण्याआधी टाकावे, आवाज चालू ठेवावा आणि पुढे स्क्रीनकडे कमीत कमी बघावे. दुचाकीवर फोन मांडीवर किंवा हेल्मेटमध्ये खोचून चालवणे कुठल्याच राज्यात चालत नाही.

माहिती द्यावी की नको?

रहदारीचे रंग फोनधारकांच्या हालचालीतूनच तयार होतात, म्हणजे अ‍ॅप वापरणारा प्रत्येक जण थोडी माहिती देतही असतो. ज्यांना आपल्या फिरण्याचा इतिहास खात्यात साठवायचा नाही, त्यांना तो सेटिंगमधून बंद करता येतो आणि जुना पुसता येतो. लोकेशनची परवानगी ‘अ‍ॅप वापरतानाच’ अशी ठेवली तरी नेव्हिगेशन व्यवस्थित चालते. कामासाठी कुणाला चालू लोकेशन पाठवले असेल, तर काम झाल्यावर ते बंद झाले का, हे एकदा बघावे.

अडकलाच तर

आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्हीकडे चालतो. स्वतःच्या सिमला रेंज नसली तरी त्या जागी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोहोचत असेल, तर आणीबाणीचा फोन लागू शकतो. म्हणून ‘रेंज नाही’ दिसले तरी एकदा लावून पाहावा. सीमेवर हा फोन शेजारच्या राज्यातल्या टॉवरवरून तिकडच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकतो. त्यामुळे सुरुवातीलाच राज्य, तालुका, शेवटचे ओलांडलेले गाव आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली किंवा अपघात झाला, तर १०३३ हा महामार्ग मदत क्रमांक आहे.

जंगलात वाट चुकल्यास गाडी सोडून रात्री भटकू नये. दारे बंद करून आत बसावे, फोनची बॅटरी वाचवावी आणि उजाडल्यावर ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने मागे फिरावे. पुढे नवा रस्ता शोधण्यापेक्षा, ज्याची खात्री आहे तो मागचा रस्ताच बरा. बाहेर आल्यावर, रेंज मिळताच, ती वाट चुकीची दाखवली जाते हे नकाशावर कळवायला विसरू नये. मागून येणाऱ्या अनोळखी गाडीला तेवढीच एक खबर असते.